प्रश्न विचारणारा विद्यार्थी, पुरावा मागणारा गुरू



तुमच्या-आमच्या घरात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर दिसते. बाबासाहेबांच्या तसबिरीत बहुधा एक पुस्तक असते. आपण तसबिरीला हार घालतो, मेणबत्ती लावतो, त्रिसरण-पंचशील घेतो. बाबासाहेब फार शिकले होते, असे मुलांना अभिमानाने सांगतो. किती शिकले, हेही सांगतो. पण ते कसे शिकले आणि शिकून झाल्यावर विद्यार्थ्यांना त्यांनी काय शिकवले, हे मात्र आपल्या घरांतून क्वचितच बोलले जाते.

आज हे बोलण्याची गरज आहे. ज्यांच्या आजोबांना अंगठा उठवावा लागे त्यांची नातवंडे आज महाविद्यालयात आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे, आणि तिच्यात संशोधन करून प्रबंध लिहिण्याची सोय आहे. कळंब, मंचर, नारायणगाव, जुन्नर या भागांतली आपली मुलेमुली त्या वर्गांत बसणार आहेत. तेथे त्यांना धडा पाठ म्हणून दाखवायचा नाही. एखादे मत मांडायचे, त्याला पुरावा द्यायचा, उलट बाजूला उत्तर द्यायचे आणि हे सारे नीट लिहून काढायचे, असे काम त्यांच्यापुढे येणार आहे. हे काम नवे वाटते. पण आपल्या समाजासाठी ते नवे नाही. आपला उद्धारकर्ता आयुष्यभर हेच काम करीत होता. म्हणून आज त्यांचे चरित्र या एका बाजूने पाहू या.

घरातला पहिला प्रश्न

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी शिक्षकाचे काम केले होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतरांपासून वेगळे, घरून नेलेल्या तरटावर बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. हे सारे तुम्ही अनेक सभांतून ऐकले आहे. पण घरात घडलेली एक गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते.

रामजी कबीरपंथी होते, धार्मिक होते आणि कडक शिस्तीचे होते. घरी कथा ऐकायला माणसे जमत. त्यांच्यासमोर मुलांनी रामायण-महाभारतातला भाग वाचावा, असा त्यांचा दंडक होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे अभिनंदन करण्यासाठी सभा भरली. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता सांगितली आहे ते ग्रंथ आम्ही का वाचावेत? बौद्ध वाङ्मयाची ओळख आम्हाला का करून दिली नाही?

वडिलांना हा प्रश्न आवडला नाही. तुम्ही लहान आहात, सांगितले तेवढे करा, या अर्थाचे बोलून त्यांनी मुलाला गप्प केले. पण काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी रामजी उत्तराची तयारी करून बसले होते. अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात कमीपणा घर करील, तो जावा म्हणून द्रोण, कर्ण, वाल्मीकी अशा लहान स्थितीतून वर आलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांनी वाचाव्यात, असा त्यांचा हेतू होता. या उत्तरात तथ्य आहे, हे मुलाने मानले. तरी त्याचे समाधान झाले नाही. भीष्म-द्रोणांच्या बोलण्यात आणि करण्यात मेळ नाही, वालीचा वध आणि सीतेला दिलेली वागणूक पटत नाही, असे त्याने सांगितले. वडील गप्प राहिले. मुलाच्या मनाने बंड केले आहे, हे त्यांनी ओळखले.

ही हकीकत स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली आहे. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी चमत्कार सांगितला नाही, दृष्टान्त सांगितला नाही. वडिलांना विचारलेला प्रश्न सांगितला. आई-वडिलांनो, या गोष्टीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिल्या वेळी मुलाला दटावणारा बाप आपल्यासारखाच आहे. पण दुसऱ्या वेळी उत्तराची तयारी करणारा बाप आपल्याला व्हायचे आहे. आणि उत्तर अपुरे आहे असे मुलगा कारणे देऊन सांगू लागला तर हात न उगारता ऐकून घ्यायचे आहे. याच रामजींनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाच्या अभ्यासाची सोय केली आणि पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणले. प्रश्न विचारणारे पोर त्यांनी जड जात असतानाही वाढवले.

कोलंबियातील चर्चावर्ग

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र हे विषय त्यांनी घेतले. एडविन सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे आणि जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्यांना लाभले. अडचण जाणवली की माणूस विचार करू लागतो, मग तो काही अंदाज बांधतो आणि तो अंदाज अनुभवावर तपासून पाहतो, अशी ड्यूई यांची शिकवण होती. ज्या विद्यार्थ्याचे सारे बालपण अडचणीत गेले होते, त्याला ही शिकवण किती जवळची वाटली असेल!

कोलंबियात सेमिनार म्हणजे चर्चावर्ग भरत असे. विद्यार्थ्याने निबंध लिहून आणायचा, तो प्राध्यापकांसमोर व सहाध्यायांसमोर वाचायचा आणि मग त्यांच्या आक्षेपांना तोंड द्यायचे, अशी ती पद्धत. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते.

त्या निबंधाची बांधणी आपल्या मुलांनी पाहावी. जातीच्या जाचाचे वर्णन करून त्यांनी सुरुवात केली नाही, जरी तसे करण्याचा त्यांच्याइतका अधिकार त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही नव्हता. आधी त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार डॉ. केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या समोर ठेवल्या. प्रत्येकीत काय बरोबर आहे आणि काय सुटले आहे ते दाखवले. मग आपले मत मांडले, ते असे की जातीचे मूळ लक्षण म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन. हे बंधन टिकवायचे तर नवरा मेल्यावर मागे राहिलेल्या बाईचे आणि बायको मेल्यावर मागे राहिलेल्या पुरुषाचे काय करायचे, हा पेच उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या पेचातून निघाल्या, असे त्यांनी दाखवून दिले. जातीचा आणि स्त्रीच्या दास्याचा संबंध अशा रीतीने एका धाग्यात ओवला गेला. शेवटी, हा विचार चुकीचा आहे असे कोणी दाखवून दिले तर आपण तो सोडायला तयार आहोत, असेही त्यांनी सांगून टाकले. हा निबंध १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला आणि आज १०० हून अधिक वर्षांनंतरही अभ्यासक तो वाचतात. ज्या माणसाला जातीने पोळले, तोच माणूस जातीची तपासणी वैद्याच्या स्थिर हाताने करतो, यातच त्या निबंधाचे बळ आहे.

लंडनमधील कसोटी

१९१६ साली ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इनमध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. येताना वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात बोटीसह समुद्रात बुडाली. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागासुद्धा मिळेना. तरीही १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. आपण शेतकरी आणि शेतमजूर आहोत, म्हणून तो आपल्या कामाचा आहे. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे, असे त्या काळी सगळे म्हणत. बाबासाहेबांनी आधी लहान म्हणजे काय, हे विचारले. नुसत्या क्षेत्रावरून शेत लहान की मोठे हे ठरत नाही, त्या शेतात किती भांडवल आणि किती मनुष्यबळ घालता येते त्यावर ते ठरते. शेतीवर फार माणसांचा भार आहे, म्हणून उद्योगधंदे वाढवून तो भार कमी करावा, हा त्यांचा निष्कर्ष होता. पाहा, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका शब्दाचा अर्थ तपासला आणि सारा प्रश्नच वेगळा दिसू लागला.

१९२० साली साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ साली सादर केला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहिण्यास सांगितले. आपल्यापैकी कोणी असता तर निराश झाला असता किंवा परीक्षकांना हवे ते लिहून मोकळा झाला असता. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. आंबेडकरांचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे कॅनन तीत स्पष्ट सांगतात, आणि तरीही त्यांच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुक करतात. मतभेद असलेल्या शिष्याच्या ग्रंथाला गुरूने प्रस्तावना लिहावी आणि शिष्याने ती अभिमानाने छापावी, अशा वातावरणात विद्या वाढते.

या सगळ्या काळात इकडे मुंबईत रमाई संसार ओढत होत्या. हाल सोसत होत्या. बाबासाहेबांच्या ग्रंथांची पाने मोजताना त्या माऊलीच्या उपासांचीही आठवण ठेवली पाहिजे. आज आपल्या घरातील मुलगी अभ्यासाला बसली असेल तर पाण्याची कळशी भावाने उचलावी, एवढे तरी आपण रमाईंचे देणे लागतो.

वर्गातील प्राध्यापक

लंडनच्या दोन मुक्कामांच्या मध्ये, नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०, बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, असे सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटले. पण त्यांची तयारी आणि मांडणी अशी होती की पुढे दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, यासाठी काही सहकारी आडवे आले. वर्गात ज्याच्या बुद्धीला मान, वर्गाबाहेर त्याच्या हाताला बंदी! नुसत्या विद्वत्तेने जात जात नाही, हे त्यांना तेथे पुन्हा दिसले. म्हणूनच पुढे ते नुसते प्राध्यापक राहिले नाहीत. पण त्यांनी शिकवणे सोडलेही नाही. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १९३५ ते १९३८ या काळात त्याच कॉलेजचे प्राचार्य होते.

विरोधकाचे म्हणणे छापणारा लेखक

वाद कसा घालावा, हे शिकायचे असेल तर १९३६ सालची गोष्ट लक्षात ठेवा. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणाचा मजकूर वाचल्यावर मंडळी घाबरली आणि त्यातला काही भाग गाळावा असा आग्रह धरू लागली. बाबासाहेबांनी काहीही गाळायला नकार दिला. परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले. गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्यावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी काय करावे? गांधीजींची टीका त्यांनी आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर दिले. वाचकाने दोन्ही बाजू पाहाव्यात आणि मग ठरवावे, असा हा मार्ग होता. आपल्या देशात जुन्या काळापासून पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशी वादाची रीत होती. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडायचे आणि मग ते खोडायचे. आज सभेत विरोधकाची नक्कल करून टाळ्या मिळवणारे वक्ते पुष्कळ आहेत. बाबासाहेबांचा अनुयायी म्हणवणाऱ्याने विरोधकाचे म्हणणे इतके नीट मांडावे की विरोधकालाही ते मान्य व्हावे.

माहीत किती आणि अंदाज किती

१९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते यावर आणि १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर बाबासाहेबांचे ग्रंथ निघाले. पहिला त्यांनी महात्मा जोतीराव फुल्यांना अर्पण केला आणि दुसरा नंदनार, रविदास व चोखामेळा या संतांना. शूद्रांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, संस्कृतवर आपले प्रभुत्व असल्याचा दावा आपण करीत नाही, असे ते मोकळेपणाने सांगतात. त्याच वेळी, भाषांतरांच्या साहाय्याने १५ वर्षे अभ्यास केलेल्या माणसाला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे, असेही ठणकावतात. अस्पृश्यांवरच्या ग्रंथात आधी वंशाचा आणि व्यवसायाचा सिद्धान्त तपासून बाजूला सारतात आणि मग आपला तर्क मांडतात. इतिहासाचे दुवे तुटले असतील तेथे तर्काने ते जोडावे लागतात, हे ते लपवत नाहीत. आपला शब्द अखेरचा आहे, असाही त्यांचा दावा नाही.

पुढच्या संशोधकांनी या ग्रंथांतील काही गोष्टींवर आक्षेप घेतले आहेत. त्याने बिथरून जाण्याचे कारण नाही. आक्षेपाला पुराव्याने उत्तर द्यावे, आणि आक्षेप खरा ठरला तर तो मान्य करावा. तसे केल्याने बाबासाहेबांचा अवमान होत नाही. त्यांनी २५ व्या वर्षी चर्चावर्गात जे सांगितले तेच आपण पाळतो.

मिलिंद नावाचा अर्थ

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे महाविद्यालय निघाले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. हे नाव कोणा देणगीदाराचे नाही. मिलिंद हा ग्रीक राजा, आपल्या भाषेत यवन. त्याचे आणि भदंत नागसेनांचे प्रश्नोत्तर मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात आहे. राजाने चर्चेचे आमंत्रण दिले तेव्हा नागसेनांनी एक अट घातली. पंडित जशी चर्चा करतात तशी होणार असेल तर मी बोलेन, राजे करतात तशी होणार असेल तर बोलणार नाही. पंडितांच्या चर्चेत एखाद्याची चूक दाखवली तर तो ती मानतो आणि रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र न पटणारे बोलणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंदाने ती अट मान्य केली. मराठवाड्यातल्या गरीब मुलांच्या महाविद्यालयावर हे नाव कोरले गेले. येथे येणाऱ्याने राजासारखे प्रश्न विचारायला भ्यायचे नाही आणि हरल्यावर पंडितासारखे कबूल करायला लाजायचे नाही, असा अर्थ आपण त्यातून घ्यावा.

धम्मदीक्षा हाही एक निष्कर्ष

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षे गेली. एवढा काळ का लागला? कारण त्यांनी धर्म तपासून घेतला. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत धर्मांतर का करायचे हे गिरणी कामगारांना आणि खेड्यांतून आलेल्या बांधवांना त्यांनी मराठीतून कारणे देऊन समजावले. मी सांगतो म्हणून या, एवढे सांगूनही लोक आले असते. तरी त्यांनी तसे केले नाही.

बुद्धाचाही त्यांनी आंधळेपणाने स्वीकार केला नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच ते प्रश्न उभे करतात. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा पटण्यासारखी आहे काय? २९ वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नव्हते, हे कसे शक्य आहे? मग ते शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे वळतात आणि गृहत्यागाचे कारण तेथे शोधतात. बुद्धवचन कोणते हे ओळखण्यासाठीही त्यांनी कसोट्या दिल्या. जे बुद्धीला आणि तर्काला धरून नाही ते बुद्धाचे मानू नये. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा वादात बुद्ध पडत नसत. आणि ज्याविषयी त्यांची खात्री होती ते त्यांनी निश्चितपणे सांगितले, जेथे खात्री नव्हती तेथे आपले मत तात्पुरते म्हणून दिले. केसपुत्ताच्या कालामांनाही तथागतांनी हेच शिकवले होते, की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावर विसंबू नका.

म्हणून सांगतो, आपण बौद्ध झालो म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती बदलली, असे समजू नका. विचार करण्याची रीत बदलली तर धर्म बदलला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तेव्हापासून ही रीत जपण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.

आपण काय करावे

जयंतीच्या सभांतून आणि हल्ली मोबाइलवरून बाबासाहेबांच्या ३२ पदव्या सांगितल्या जातात. त्याचा पुरावा कोणी मागत नाही. बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्‌सी., डी.एस्‌सी., बॅरिस्टर, शिवाय १९५२ साली कोलंबियाने आणि १९५३ साली उस्मानिया विद्यापीठाने दिलेल्या सन्मानाच्या पदव्या, ही यादी खरी आहे आणि पुरेशी आहे. तिच्यात भर घातल्याने बाबासाहेब मोठे होत नाहीत. उलट परक्या माणसाने एक आकडा खोटा ठरवला तर आपल्या खऱ्या गोष्टीही तो खोट्या मानील. दुसऱ्याची पोथी तपासायची आणि आपली तपासायची नाही, हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

मग मुलांना कसे शिकवावे? त्यासाठी विद्यापीठात जावे लागत नाही. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन कळंबहून जुन्नरला जा. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या डोंगरांत लेणीच लेणी आहेत. ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असे सांगणारे कोणी भेटेल. त्याच्याशी भांडू नका. मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवा.

पहिला, म्हणणे काय आहे? लेणी पांडवांनी खोदली, हे म्हणणे आहे.

दुसरा, पुरावा काय? आत स्तूप असलेली चैत्यगृहे आहेत, भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लेख आहेत. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान आहे. इरिल, चिट, चंद अशा यवनांचीही दाने आहेत. मिलिंदाच्या जातभाईंनी आपल्या जुन्नरला येऊन दान दिले, हे मुलांना दाखवा. पांडवांचे नाव या दानलेखांत नाही.

तिसरा, उलट बाजू काय म्हणेल? लेण्याद्रीच्या एका लेण्यात आज गणपती आहे, असे ती म्हणेल. ते खरेच आहे आणि तेथे भक्तिभावाने येणाऱ्यांचा अपमान करण्याचे आपल्याला कारण नाही. पण लेणे मुळात कोणी आणि कशासाठी कोरले हा एक प्रश्न, आणि आज तेथे कोणाची पूजा होते हा दुसरा प्रश्न. दोन्ही वेगळे ठेवले की गोंधळ उरत नाही.

चौथा, आपली खात्री किती? यांतली पुष्कळ लेणी बौद्ध संघासाठी कोरली गेली, हे आपण खात्रीने सांगू शकतो. प्रत्येक लेणे नेमक्या कोणत्या वर्षी कोरले हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही. जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे.

घरी आल्यावर मुलांना हे सारे स्वतःच्या शब्दांत दोन पानांवर लिहायला सांगा. मोबाइलवरून उतरवलेली वीस पाने नकोत, स्वतः पाहून लिहिलेली दोन पाने हवीत. विहारात वंदना झाल्यावर ती वाचून घ्या. मोठ्यांनी शंका विचाराव्यात, मुलांनी उत्तरे द्यावीत. चूक निघाली तर हसू नये. कोलंबियाचा चर्चावर्ग असा आपल्या विहारात भरेल. त्याला खर्च काहीच नाही. मुलींना त्यात आधी बोलू द्या, कारण त्यांना आजवर सर्वांत कमी बोलू दिले आहे.

१९७६ साली झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. आपल्यासाठी ते कर्तव्य त्याच्याही आधीचे, १४ ऑक्टोबर १९५६ पासूनचे आहे. उद्या तुमचे पोर तुम्हाला अवघड प्रश्न विचारील. कदाचित तो प्रश्न बाबासाहेबांविषयी असेल, कदाचित धम्माविषयीही असेल. पहिल्या खेपेला उत्तर सुचले नाही तर हरकत नाही. रामजी सुभेदारांनाही ते सुचले नव्हते. पण दुसऱ्या खेपेला तयारी करून बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!